किनाऱ्यावरची सर्वांत लहान वायनरी

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाच्या निमित्तानं नाशिकला जाणं झालं. दुसऱ्या दिवशी संयोजकांनी आम्हा कवींना शहराबाहेरच्या एका वायनरीत नेलं. स्टीलच्या उंच टाक्या होत्या, लाकडी पिंपं होती आणि सगळीकडे आंबलेल्या द्राक्षांचा वास होता. माहिती सांगणारा मुलगा मोठा चुणचुणीत होता. पेला कसा धरायचा, रंग कसा पाहायचा, कुठल्या वाइनबरोबर काय खायचं, सगळं त्यानं समजावून सांगितलं. लाल वाइन मटणाबरोबर आणि पांढरी मासळीबरोबर, हा त्याचा मुख्य धडा. मी पीत नाही, म्हणून माझ्या हातात लिंबाचं सरबत होतं. बोलता बोलता मी त्याला विचारलं, ‘‘आमच्या कोकणात कधी वाइन होत होती का?’’ तो हसून म्हणाला, ‘‘नाही काका, तुमच्याकडे द्राक्षच होत नाही, तर वाइन कुठून होणार?’’

तेव्हा मी गप्प बसलो. पण मनात एक चिनी मातीची बरणी उभी राहिली. पेणच्या एका घरात, फडताळाच्या वरच्या फळीवर ती असायची. या किनाऱ्यावरची ती सर्वांत लहान वायनरी, असं मी आज म्हणतो. त्या मुलाला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज तुम्हाला देतो.

मी जोह्यात राहतो. पेण तालुक्यातलं हे गाव गणपतींच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. जोहे आणि शेजारचं हमरापूर इथं वर्षभर मूर्तींचं काम चालतं. माझं लहानपण मात्र पेण शहरात गेलं. अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारी बाई एकटी राहायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, बोलणं आमच्यासारखंच पेणचं. ती बेने इस्रायली होती. म्हणजे ज्यू. गावातले जुने लोक मात्र त्या समाजाला ‘शनवार तेली’च म्हणत.

आधी त्या मुलाच्या बाजूनं बोलतो. त्याचं खरं आहे. कोकणात द्राक्ष होत नाही. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा दमट आणि जमीन एक तर जांभ्याची, नाही तर खारेपाटाची. द्राक्षाच्या वेलीला कोरडी हवा लागते, छाटणीनंतर विसावा लागतो. इथं तिला भुरी आणि केवडा जगू देणार नाहीत. म्हणून वाइन या किनाऱ्यावर आली ती बाहेरूनच आणि समुद्रातून. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाचं जे टिपण लिहून ठेवलंय, त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे. इटलीच्या वाइनला जास्त पसंती, त्याखालोखाल लाओदिकिया आणि अरबस्तानची. त्याच टिपणात किनाऱ्यानं खाली येताना आपल्या चौलचंही नाव भेटतं. घारापुरीच्या बेटावर त्या काळच्या दोन कानांच्या रोमन कुंभांची खापरं सापडली आहेत. अशा कुंभांतूनच वाइन जहाजावर चढे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर परदेशी वाइन उतरत होती. पण ती पिणारे सावकार आणि सरदार. कोळ्याची, आगऱ्याची, कातकऱ्याची माडी, ताडी आणि मोहाची दारू वेगळीच होती.

मग मावशीच्या बरणीत काय होतं? ते समजायचं तर तिची माणसं इथं कशी आली, हे पाहावं लागेल.

अलिबागजवळ नवगाव नावाचं गाव आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की, फार जुन्या काळी त्यांच्या पूर्वजांचं गलबत तिथं समोरच्या समुद्रात फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना नवगावच्या वाळूत पुरलं. त्या जागी आज स्मारक आहे. गलबत कोणत्या सालचं, यावर विद्वानांचं एकमत नाही. पण जे वाचले त्यांच्या वंशजांनी या किनाऱ्यावर तेलाचे घाणे घातले आणि ते अस्सल कोकणी झाले, याबद्दल वाद नाही. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली. एकाच धंद्यातल्या दोन जमाती, सुटीच्या वारावरून ओळखल्या जाणाऱ्या. आडनावंही गावांवरूनच आली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, कुंडलिकेच्या पलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर, किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर.

आम्हा मुसलमानांच्या भाषेशीही त्यांचं जुनं नातं होतं. ते प्रार्थनेला ‘नमाज’ म्हणत, उपासाला ‘रोजा’ म्हणत आणि प्रार्थनागृहाला चक्क ‘मशीद’ म्हणत. इंग्रजांच्या फौजेतल्या सामाजी हसाजी दिवेकर या बेने इस्रायली अधिकाऱ्यानं 1796 साली मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याला लोक ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. मुंबईतल्या मशीद बंदर स्टेशनाला नाव मिळालं ते याच मशिदीवरून, असं अनेकांचं म्हणणं आहे. पेणमध्येही 1863 साली त्यांचं सिनेगॉग उभं राहिलं.

गंमत अशी की, कित्येक शतकं या लोकांजवळ धर्मग्रंथ नव्हता. हिब्रू विसरली गेली होती. शनिवार पाळणं, सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खाणं आणि ‘शेमा’ हे एक वचन, एवढ्यावर त्यांनी धर्म धरून ठेवला. पुढे कोचीनहून ज्यू शिक्षक आले. मुंबईत मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सननं 1832 साली हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीतून छापलं. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचायची ‘हगादा’ ही पोथी 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात मराठी अर्थासह निघाली. आणि या पोथीत एक अट ठळकपणे समोर येते. त्या रात्री प्रत्येकानं वाइनचे चार पेले घ्यायचे. दर शुक्रवारच्या रात्री घरच्या कर्त्यानं एक पेला हातात घेऊन शब्बाथचं स्वागत करायचं, त्याला ‘किद्दूश’ म्हणतात. तेही वाइनवर.

आता विचार करा. पेणचा, रोह्याचा, अष्टमीचा तेली. मराठी पोथी हातात आहे आणि पोथी वाइन मागते. द्राक्ष नाही. विलायती बाटली मुंबईच्या फोर्टात मिळणार, तीही साहेबाच्या भावानं. आणि ती ज्यूंच्या हातची नसली तर विधीला चालायची नाही. गावात माडी आहे, मोहाची आहे; पण किद्दूशला द्राक्षाचाच रस लागतो. मग करायचं काय?

उत्तर किराणा दुकानात होतं. काळ्या मनुका. इराणच्या आखातातून आणि काबूलकडून सुका मेवा मुंबईला येत असे, तिथून गलबतानं धरमतरच्या खाडीत आणि बैलगाडीनं पेणच्या बाजारात. ज्यूंच्या धर्मशास्त्रात याची सोय फार पूर्वीच करून ठेवलेली होती. मनुका भिजवून पिळलेला रस वाइन म्हणून चालतो, अशी चर्चा तालमूदमध्ये आहे. अट एवढीच की, मनुका अगदी वाळून कोळ झालेल्या नसाव्यात. दाबल्यावर त्यांच्यातून रस यायला हवा. रस आंबलेलाच असला पाहिजे, अशीही सक्ती नाही. मग कोकणातल्या घराघरांत मनुकांचं हे पाणी होऊ लागलं. त्याला ते ‘शरबत’ म्हणत. पुन्हा आमच्याच भाषेतला शब्द.

मावशी ते कसं करायची, ते मी पाहिलंय. गुरुवारी संध्याकाळी ती मनुका निवडायची. बेदाणे नव्हेत, बियांच्या काळ्या मनुका. दोन पाण्यांनी धुऊन त्या बरणीत घालायची आणि वर चार बोटं पाणी. वर पांढरं फडकं बांधायची. शुक्रवारी सकाळपर्यंत मनुका टरारून फुगलेल्या असायच्या. त्या हातानं कुस्करायच्या, पंचाच्या फडक्यातून गाळायच्या, पिळायच्या. खाली पातेल्यात उतरायचा तो दाट, तांबूस-काळा रस. चिंचेच्या कोळासारखा दिसायचा, पण उजेडात धरला की लाल. काही घरांत तो उकळून घेत. मावशी उकळत नसे. म्हणायची, ‘‘उकळलं की चव मरते.’’ चोथा ती टाकत नसे. त्यात गूळ घालून आम्हा पोरांना द्यायची.

शुक्रवार आमच्या घरातही आंघोळीचा आणि धुतल्या कपड्यांचा आणि तिच्या घरातही. आमचा दुपारच्या नमाजेपर्यंत, तिचा दिवस मावळेपर्यंत. मावळतीला ती काचेच्या पेल्यात पाणी आणि वर तेल घालून वात लावायची. एकदा वात लागली की, शनिवारच्या रात्री तारे दिसेपर्यंत ती विस्तवाला हात लावायची नाही. म्हणून रात्री तिच्या घरातला बल्ब विझवायला मी जायचो. ते माझं ठरलेलं काम होतं. माझ्या आधी ते माझा थोरला भाऊ करायचा.

आणि तिथं जेवण असायचं. नाशिकच्या त्या मुलानं हे ऐकायला हवं होतं. पेल्यातलं ते गोड, तांबडं पाणी आधी. मग तांदळाची भाकरी, तिचा पहिला तुकडा मिठाला लावून. आणि मग मासळीचं कालवण, नारळाच्या दुधातलं. पापलेट असेल, सुरमई असेल, रावस असेल. कोळंबी आणि चिंबोरी तिच्या चुलीवर कधी चढली नाही, कारण त्यांना पर नाहीत, खवले नाहीत. जिभेवर मनुकांचा गोडवा रेंगाळत असताना त्यावर तिखट, आंबट, नारळाचं कालवण आलं की जी चव लागायची, ती मला आजही आठवते. लाल मटणाला आणि पांढरी मासळीला, हा नियम पेणमध्ये कुणी ऐकलेला नव्हता.

या जेवणामागेही धर्मशास्त्र आहेच. ज्यूंमध्ये मांस आणि दूध एकत्र खायचं नाही. दही घातलेलं मटण चालत नाही, मटणावर खीरही चालत नाही. पण कोकणात नारळ आहे. म्हणून मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात आणि नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा तोही नारळाच्या दुधात. मग मांसानंतर गोड खायला कसलीच आडकाठी नाही. द्राक्षाची अडचण मनुकांनी सोडवली, दुधाची नारळानं. नवस फेडायचा झाला तर मलिदा. त्यांचा मलिदा पोह्यांचा, खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. प्रेषित एलियाच्या नावानं तो करतात. आमच्या दर्ग्यावरचा मलिदा पोळीच्या चुऱ्याचा, तुपातला. नाव एकच, ताट वेगळं.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. म्हणजे 1979च्या सुमाराची गोष्ट. एका शुक्रवारी मी बल्ब विझवायला जरा लवकर गेलो. मावशीनं पेल्यातलं घोटभर शरबत मला दिलं. मी ते पिऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मदरशात बढाई मारली. एक मोठा मुलगा म्हणाला, ‘‘ज्यूंची दारू प्यालास तू. चाळीस दिवस तुझी नमाज कबूल होणार नाही.’’ बाकीची मुलं हसली. मी घाबरलो. घरी कुणाला सांगितलं नाही. पुढचे तीन शुक्रवार मी मावशीकडे गेलोच नाही. पोट दुखतंय म्हणायचो, अभ्यास आहे म्हणायचो. त्या तीन रात्री तिचा बल्ब जळत राहिला. आमच्या खिडकीतून तो उजेड मला दिसायचा.

शेवटी अब्बांनी मला खोदून विचारलं. रडत रडत मी सगळं सांगितलं. अब्बा रागावले नाहीत. ते मला मौलवीसाहेबांकडे घेऊन गेले. मौलवीसाहेब वयस्कर होते, सावकाश बोलायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच प्रश्न विचारला, ‘‘किती दिवस भिजलं होतं ते?’’

मी म्हणालो, ‘‘गुरुवारी रात्री घातलं होतं. शुक्रवारी सकाळी गाळलं.’’

‘‘फेस होता?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ते शरबत आहे. जा, खेळ.’’

नंतर त्यांनी अब्बांना जे सांगितलं ते मला मोठेपणी नीट कळलं. अरबस्तानात पाणी खारट, मचूळ. त्यात गोडी यावी म्हणून लोक खजूर किंवा मनुका भिजत घालत. त्या पाण्याला ‘नबीज’ म्हणत. हदीसमध्ये आलं आहे की, प्रेषितांसाठी मनुका भिजत घालत आणि ते पाणी ते त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी घेत. तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी जे उरे ते ओतून देत. खजूर आणि मनुका एकत्र भिजवायलाही मनाई होती. कारण उघड आहे. मनुकांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते आणि त्यांच्या सालीवर किण्व चिकटलेलं असतं. पाणी मिळालं, ऊब मिळाली की ते साखर खाऊ लागतं. पहिल्या दिवशी सरबत, दोन-तीन दिवसांनी फेस, पुढे वाइन आणि उघडं राहिलं तर सिरका. त्यातही आमच्या शास्त्राची मौज अशी की, त्याच दारूचा आपोआप सिरका झाला तर तो पुन्हा हलाल. म्हणजे एकच बरणी. पहिल्या दिवशी चालते, मध्ये चालत नाही, शेवटी पुन्हा चालते.

मला वाटतं, मौलवीसाहेबांच्या त्या एका प्रश्नात शेजारधर्माचं सगळं शहाणपण होतं. ‘कुणाच्या घरचं’ हे त्यांनी विचारलंच नाही. ‘किती दिवसांचं’ एवढंच विचारलं. मावशीच्या शास्त्राला ते रस म्हणून चालत होतं, आमच्या शास्त्राला शरबत म्हणून. दोन्ही शास्त्रांचा पेला शुक्रवारच्या संध्याकाळी एकाच फळीवर उभा होता. रविवारपर्यंत थांबला असता तर त्यांना तो आणखी आवडला असता आणि आम्हाला तो सोडावा लागला असता. भेद होता तो खराच होता. पण तो बरणीत होता. माणसांत तो आणायची गरज नव्हती.

बेने इस्रायलांच्या सणांच्या जुन्या मराठी नावांतही ही बरणी आहे. हाईम सॅम्युअल किहीमकर हे त्या समाजाचे पहिले मोठे इतिहासकार. त्यांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेला इतिहास 1937 साली तेल अवीवला छापला गेला. त्यात सणांची मराठी नावं दिली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण. वल्हांडणाचं जुनं नाव ‘अनाशी ढाकण्याचा सण’. आंबट कालवणाचं भांडं त्या दिवसांत झाकून ठेवायचं, म्हणून ते नाव. त्या आठवड्यात घरात आंबवलेलं पीठ चालत नाही. या लोकांची पोथी हरवली होती तेव्हाही भांडं झाकायची आठवण मात्र राहिली होती.

सरकार नावाचं तिसरं शास्त्रही याच काळात बरण्यांकडे पाहू लागलं होतं. 1878 साली मुंबई अबकारी कायदा आला. घरोघरची भट्टी गुन्हा ठरली, माडाच्या झाडावर कर बसला. उरणच्या मोठ्या भट्ट्यांतून मोहाची दारू मुंबईला जाऊ लागली. 1892 साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. कातकऱ्याच्या झोपडीत मोहाची फुलं सापडली तर तो आरोपी. तेच कातकरी ती फुलं भूक लागल्यावर खातही असत. पण सरकारी तिजोरीचं गणित वेगळं होतं. त्याआधीच, 1880 साली जोतीराव फुल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून गावात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली होती. दारूनं गरिबाचं घर बसतं, हे त्यांचं म्हणणं आणि सरकारला दारूतून पैसा हवा, हे सरकारचं वागणं. हा झगडा तेव्हापासूनचा आहे.

स्वातंत्र्यानंतर 1949 साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्यात धर्मविधीला लागणाऱ्या वाइनसाठी सवलतीचं कलम ठेवलेलं होतं. चर्चला ते लागे, सिनेगॉगलाही लागू शकत होतं. पण पेणच्या मावशीला त्या कलमाची कधी गरज पडली नाही. एका रात्रीत भिजलेल्या मनुकांना कोणतं सरकार दारू म्हणणार? इंग्रजांचा अबकारी शिपाई आणि काँग्रेसचा दारूबंदीचा शिपाई, दोघेही तिच्या दारावरून निघून गेले.

ती बरणी फळीवरून खाली उतरली ती कायद्यामुळे नव्हे. माणसंच निघून गेली. 1948 साली इस्रायल झालं आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कोकणातले बहुतेक बेने इस्रायली तिकडे गेले. कुणी त्यांना इथून घालवलं नाही. आपला देश, ही ओढ होती. मुलांचं भविष्य होतं. आधी गेलेल्यांची पत्रं होती. अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद अशा गावांत पेणकर, रोहेकर, अष्टमकर राहू लागले. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. इकडे सिनेगॉगांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनासे झाले. महाराष्ट्र सरकारनं 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तोवर आमच्या तालुक्यात त्या दर्जाचा लाभ घ्यायला उरलंय कोण, हा प्रश्न होता.

मावशी 1983 साली गेली. मुलानं बोलावलं होतं. जायच्या आदल्या दिवशी तिनं घरातली भांडी शेजारीपाजारी वाटून टाकली. बरणी आमच्याकडे आली. अब्बा म्हणाले, ‘‘मावशी, तिकडे द्राक्षंच द्राक्षं आहेत. आता मनुका भिजवायला नकोत.’’ ती म्हणाली, ‘‘द्राक्षं असतील रे भाई, पण पेणचं पाणी कुठून आणू?’’ सगळे हसले, तीही हसली. मी तेरा वर्षांचा होतो. त्या तीन शुक्रवारी मी का आलो नाही, हे तिला सांगायचं मी ठरवलं होतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं. चौथ्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा काहीच झालं नाही, अशा थाटात तिनं मला बल्ब दाखवला होता. सांगायला मी दारापर्यंत गेलो, पण माणसांची गर्दी होती. ते सांगायचं राहिलं.

आता महाराष्ट्र वाइनचं राज्य म्हणून ओळखलं जातं. 1980च्या दशकात नारायणगावला फेसाळती वाइन तयार होऊन परदेशी जाऊ लागली, तेव्हा तिला ‘उमर खय्याम’ असं नाव दिलं होतं. एका फारसी कवीचं नाव जुन्नर तालुक्यातल्या बाटलीवर. 2001 साली सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क झाले. कोकणच्या किनाऱ्यावर बोर्डीला चिकूची वाइन करणारी छोटी वायनरी निघाली. जानेवारी 2022मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला आणि मोठा गदारोळ झाला. वाइन म्हणजे दारू की नाही, यावर महिनाभर वाद रंगला. शेवटी तो निर्णय अमलात आलाच नाही. ते भांडण टीव्हीवर बघताना मला सारखी मौलवीसाहेबांची आठवण येत होती. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा, हे बरोबर. गरिबाच्या घरात बाटली शिरू नये, हेही बरोबर. पण त्या सगळ्या आरडाओरडीत बाटलीत नेमकं काय आहे, किती आहे, ते कुणाच्या घरात जाणार आहे, असा साधा प्रश्न विचारणारे फार थोडे होते. नावावरूनच भांडण चाललं होतं.

मावशीची बरणी आज माझ्याकडे जोह्यात आहे. तिच्या कडेचा एक टवका उडालाय. भाद्रपदाच्या आधी गावात कारखान्यांतून रात्ररात्र रंगकाम चालतं, मूर्तींचे डोळे रेखले जातात, टेम्पो भरले जातात. माझ्या घरात त्या दिवसांतही गुरुवारी संध्याकाळी मनुका भिजत पडतात. बाजारातल्या मनुका आता सांगलीकडच्या असतात, काबूलच्या नव्हेत. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेवरून आलो की त्या गाळतो. रात्री पापलेटचं कालवण असेल तर जेवणाआधी घोटभर घेतो. बायको म्हणते, हे काय नवीन सोंग. नातवाला आवडतं. परवा त्यानं विचारलं, ‘‘दादा, ही वाइन आहे का?’’

मी म्हटलं, ‘‘अजून नाही.’’

रविवारी संध्याकाळी उरलं असेल तर अंगणातल्या जास्वंदीला ओतून देतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)